बरबटी घेऊन भिलाईला

भिलाईला कोणी फिरायला जात नाही. माणसं तिकडे नोकरीला जातात, लग्नाला जातात, मयतीला जातात. मी गेले ती माझ्या भाचीचं लग्न जुळतं की मोडतं ते बघायला, आणि जाताना पिशवीत बरबटी घेऊन गेले. बरबटी म्हणजे चवळी. आम्हा विदर्भातल्या लोकांना चवळी म्हटलं की परकं वाटतं. एका पुडीत पांढरी बरबटी, दुसऱ्या पुडीत लाल.

या बरबटीची हकीकत आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नागपूरच्या एका कॉलेजात मी सारी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवली. आईबापाकडून लेकराला काय येतं, आणि एखाद्या समाजात एखादं जनुक पिढ्यान्‌पिढ्या वाढतं कसं, घटतं कसं, हे फळ्यावर कितीही लिहिलं तरी पोरांच्या डोक्यावरून जायचं. मग मी एक दिवस घरून बरबटी नेली. पांढरा दाणा म्हणजे निरोगी जनुक, लाल म्हणजे आजाराचं; वाटीत हात घाला, न बघता दाणा काढा, आईकडून एक, बापाकडून एक. पोरांना पटकन समजलं, आणि माझं नाव कायमचं 'बरबटी मॅडम' पडलं. मला त्याचा कधी राग आला नाही. बऱ्याच मॅडमना तर काहीच नाव पडत नाही.

आता लग्नाचं. माझ्या भावाची मुलगी पल्लवी शाळेत शिकवते, आणि ती सिकलसेलची वाहक आहे. ती आजारी नाही, हे आधी लक्षात घ्या. रक्ताच्या पेशींना विळ्यासारखा आकार देणारं एक जनुक असतं. ते एकाच बाजूनं आलं तर माणूस ठणठणीत राहतो, फक्त पुढच्या पिढीला ते देऊ शकतो. दोन्ही बाजूंनी आलं तर लेकरू आजारी: हाडं फुटल्यासारखी दुखतात, रक्त कमी पडतं, दवाखाना पाठ सोडत नाही. पल्लवीला हे कॉलेजच्या तपासणीत कळलं होतं, आणि तिनं तेव्हाच ठरवलं होतं की मुलाची तपासणी झाल्याशिवाय साखरपुडा नाही.

मुलगा सापडला भिलाईचा. सचिन त्याचं नाव, प्लांटात नोकरी. दोघं दोनदा भेटले, आणि मग फोनवर जे बोलायला लागले ते थांबेचनात. मुलाच्या आईला मात्र तपासणीचं नावही नको होतं. "आमच्या घरी असलं काही नाई," एवढंच उत्तर. म्हणून आत्याबाईंची रवानगी. निघताना पल्लवी म्हणाली, "आत्या, तो वाहक निघाला तर?"

"वेडी आहेस का? पोलाद करायला भिलाईत सगळा देश गोळा झाला. तीन पिढ्यांत सगळं रक्त मिसळून गेलं असेल. पोरगा पांढरा निघेल, मी लिहून देते," मी छातीठोक सांगितलं.

ती हसली. तिच्या त्या हसण्याची मला पुढे फार आठवण झाली.

दुर्ग

गाडीतलं काही सांगत नाही; गाडी गाडीसारखीच होती. डोंगरगड मागे पडलं की दोन्ही बाजूंना धानाच्या कापून झालेल्या बांध्या लागतात, आणि दर गावाला एक तलाव. आमच्या भंडाऱ्याकडेही अगदी असंच आहे. गोंदिया सोडलं की आपला मुलूख संपला असं आपण समजतो, पण धानाला आणि तलावाला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

दुर्ग स्टेशनवर सचिन आणि त्याचे वडील भाऊराव घ्यायला आले होते. भाऊराव प्लांटातून निवृत्त झालेले, बोलायला कमी, हसायला तयार. सचिन पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, सफर ठीक झाला ना? भूक लागली असन. चलो, पहले कुछ खा लेते हैं." एका वाक्यात दोन भाषा, आणि त्याला पत्ता नाही. मला पोरगा तिथेच आवडला, आणि ते बरं नव्हतं. तपासायला आलेल्या माणसानं इतक्या लवकर विरघळू नये.

दुर्गच्या जुन्या बाजारात त्यानं मला फरा खाऊ घातला. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या वाफवायच्या, वरून तिळाची फोडणी, सोबत टमाट्याची झणझणीत चटणी. आपल्याकडे तांदूळ पिकवणारेही पाहुण्याला गव्हाची पोळी वाढून मोठेपणा दाखवतात. इथं तांदळाला अशी लाज नाही. मी दुसरी प्लेट मागितली, तेव्हा भाऊराव पहिल्यांदा मोठ्यानं बोलले: "आता जमलं आपलं!"

खुर्सीपार

भिलाईचे सेक्टर म्हणजे रुंद रस्ते, मोठी झाडं, आखून दिलेले बंगले. पण सचिनचं घर सेक्टरात नाही, खुर्सीपारला आहे. तिथं गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरची फोडणी आपल्याच घरात खोकला आणते. गल्लीत तेलुगू ऐकू येतं, भोजपुरी येतं, छत्तीसगढी तर येतंच. मी मनात म्हटलं, बघ पल्लवी, मी काय सांगत होते.

सचिनची आई विमलताई दारातच उभी होती. लहानखुरी, चपळ, डोक्यावर पदर. "जय भीम ताई. या. थकल्या असान."

तिच्या तोंडून पहिलं वाक्य ऐकलं आणि मी चकित झाले. अशी बोली आता नागपुरातही ऐकू येत नाही. तिथली पोरं आईशीही हिंदीत भांडतात. हिच्या घरात मात्र वैनगंगेकाठची मराठी जशी निघाली तशी ठेवलेली. मी तिचं तोंड भरून कौतुक केलं. ती लाजली आणि म्हणाली, "मनूनच तर सून देशाची आनतो आमी. पोट्टे बाहेर हिंदी बोलतात. घरात एक बाई तरी मराठी पायजे ना. नाई तर सारंच जाते."

देश म्हणजे त्यांचं भंडाऱ्याकडचं गाव. तीन पिढ्या झाल्या तरी देश तोच.

जेवायला लाल भाजी, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांचं कालवण आणि जाड तांदळाचा भात होता. मी हात राखून जेवले नाही. तपासणीचा विषय मात्र काढला की विमलताई ताटात काहीतरी वाढायची. तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एक भाजी होती.

सकाळी उठून बघते तर माझी बरबटी गायब. स्वयंपाकघरात एका गंजात, म्हणजे पातेल्यात, लाल-पांढरी एकत्र, टम्म फुगलेली. "तुमी आनली ना ताई, मनून रातीच भिजू घातली. दुपारी उसळ करतो," विमलताई कौतुकानं म्हणाली. नागपूरहून आलेली बाई बरबटी आणते ती वर्गासाठी, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. भाऊरावांना खरं कळलं तेव्हा ते हसून हसून खुर्चीत आडवे झाले. उसळ चांगली झाली होती, पण मी विद्या खात होते.

म्हणून बाजारात जावं लागलं. धान्य घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "का लेबे दाई?" म्हणजे, काय घेणार, आई? मी लाल वेगळी आणि पांढरी वेगळी मागितली. तिनं माझ्याकडे कीव करून पाहिलं. "अलग अलग काबर? साग त एके बनही." भाजी तर एकच होणार, वेगळी कशाला! तिच्या मते माझं डोकं बिघडलेलं होतं. मी पिशवी घेऊन निमूट परतले.

दुपारी अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या. नागपूरहून मॅडम आली आणि बरबटी घेऊन काही खेळ दाखवते, एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. खेळ सुरू करण्याआधी मी सहज विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"पवनीच्या बाजूचं," पहिली म्हणाली.

"माहं नदीच्या पल्याड. हिच्या गावावरून दिसते," दुसरी.

"मी तर विमलताईच्याच माहेरची."

"अन्‌ तुमच्या सासूबाई?" मी चौथीला विचारलं.

"सासू कोनती? ते माही आत्याच होय!" ती हसली, आणि सगळ्या हसल्या.

मी हसले नाही. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या, आणि सगळी माहेरं फिरून फिरून नदीकाठच्या त्याच मूठभर गावांत येऊन बसत होती. गल्लीत तेलुगू होतं, भोजपुरी होतं, पण ते भिंतीपलीकडे. चुलीशी सगळ्या वैनगंगेच्या.

"पण मग लग्नं नात्यातच होतात ना?" मी विचारलं.

"नाई जी!" विमलताई जरा ताठ झाली. "आमी आडनाव पायतो. रामटेक्याची पोट्टी रामटेक्याच्या घरी कधी देत नाई."

"आणि आईकडचं?"

"आईकडचं कोन पायते?"

आम्ही पत्रिका टाकली, गुण जुळवणं टाकलं, मुहूर्त टाकला. आडनाव आणि गाव तेवढं जपून ठेवलं. बापाचं आडनाव वेगळं की सोयरीक लांबची, असा हिशोब. आणि आया, आज्या, पणज्या मात्र त्याच पाच-सहा गावांतून येत राहिल्या. आदल्या दिवशी मी ज्या मराठीचं कौतुक केलं होतं ती कशी टिकली, ते आता माझ्या डोळ्यांसमोर बसलं होतं. ज्या वाटेनं मराठी आली त्याच वाटेनं लाल दाणाही येत राहिला असणार. मिसळलं काहीच नव्हतं.

तरी मी खेळ सुरू केला. शिकवायला लागले की माझी भीती जाते, जुनी सवय.

एका घमेल्यात पुष्कळ पांढरे आणि थोडे लाल दाणे कालवले. "हे आपलं देशाकडचं गाव. आज्या-पंज्यांच्या काळी तिथं हिवताप किती असायचा?"

"बाप्पा! घरं बसत," एक म्हातारी म्हणाली. घर बसणं म्हणजे घरच्या घर संपणं.

"ज्या लेकराचे दोन्ही दाणे पांढरे, ते हिवतापानं जायचं. दोन्ही लाल, ते सिकलनं जायचं. एक लाल अन्‌ एक पांढरा, ते तगायचं. मग पुढे लेकरं कोणाची झाली? तगलेल्यांची. म्हणून लाल दाणा पिढीमागून पिढी वाढत गेला."

"म्हनजे लाल दाना चांगला होता?"

"तिथं, तेव्हा, होता. म्हणजे यात कोणाचं पाप नाही, कोणाचा शाप नाही. लाल दाण्यानंच आपले आजे वाचवले."

भाऊराव दारातून म्हणाले, "इथं मच्छर गेले, पन दाना राह्यला."

मग मी एकीला मूठभर दाणे काढायला लावले. ही भिलाईला आलेली पहिली माणसं. तिच्या मुठीत लाल जरा जास्तच आले. "आता ही मूठ म्हणजेच तुमची गल्ली. बाहेरचा दाणा येऊ दिला नाही, तर दोन-चार पिढ्यांत लाल फारसे घटायचे नाहीत."

शेवटी दोन वाट्या मांडल्या. एक आईची, एक बापाची. दोन्हींत अर्धे लाल, अर्धे पांढरे. "आई ठणठणीत, बाप ठणठणीत. आता लेकरू काढा. प्रत्येक वाटीतून एक."

बायकांना मजा वाटली. कोणाला दोन पांढरे आले, कोणाला एकेक. मग सगळ्यांनी विमलताईला पुढे ढकललं. तिनं पदर सावरला, डोळे मिटले, दोन्ही वाट्यांत एकदमच हात घातले. तळहात उघडले तर दोन्हींवर लाल.

"हे लेकरू आजारी," मी सांगितलं, वर्गात सांगावं तसं, सहज.

विमलताई हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा ठेवतो," आणि आत गेली. बायका बराच वेळ बसल्या, खेळल्या, उठून गेल्या. चहा काही आला नाही.

अहिवारा

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला सांगितलं, "ताई, अहिवाऱ्याले जाऊ. आपन दोघीच." कशाला ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

अहिवारा भिलाईपासून लांब नाही. चुनखडीच्या खाणी आहेत तिकडे. बाभळीच्या पानांवर, कौलांवर, म्हशींच्या पाठीवर पांढरी भुकटी बसलेली. नवख्या माणसाला वाटावं इथं कोणी पीठ चाळत बसलंय. प्लांटात लागायच्या आधी भाऊराव इथल्या खाणीवर होते. तेव्हा त्यांचं बिऱ्हाड इथंच होतं.

बसमधून उतरून आम्ही एका तलावाच्या पाळीवर आलो. विमलताई एका बाभळीखाली थांबली. तिथं काही नव्हतं: गवत, दोन दगड, शेळ्यांच्या लेंड्या.

"इथं माही पोरगी हाय," ती म्हणाली. "सुजाता. सचिनच्या आंधीची."

मी उभीच राहिले. या घरात मुलगी होती हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

"हातपाय दुखे तिचे. थंडीत जास्त. मी म्हनो वात हाय, मोहाचं तेल लावो. डोळे पिवळे दिसत, लोक म्हनत कावीळ, मंग झाडपाला देल्ला. शाळेत जाऊ नाई म्हने, पाय दुखते म्हने. मले वाटे नाटक करून राहिली." तलावात एक माणूस म्हैस धूत होता, ती त्याच्याकडे बघत राहिली. "एक डाव मी मारलं तिले, ताई. शाळेत जाय मनून मारलं. लंगडत गेली."

मी तिच्याजवळ सरकले.

"काल दोन लाल आले माह्या हातात. सुजातालेही दोन लालच आले होते ना? एक माहा अन्‌ एक तिच्या बापाचा?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती रडली नाही. मीच रडले. इतकी वर्षं मी दोन लाल दाणे पोरांपुढे उंच धरून दाखवले होते, आणि त्या दाण्यांना कधी एखाद्या मुलीचं नाव असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं की तेव्हा ते कोणालाच ओळखता आलं नसतं, मारलं म्हणून ती गेली नाही. तिला ते किती पटलं कोण जाणे. माझा हात मात्र तिनं सोडला नाही.

"फोटो हाय तिचा. पेटीत ठेवला. भितीवर लावला तर लोक इचारतीन कशानं गेली, आखरीले डाक्टरनं तर सिकलच म्हटलं होतं. मंग सचिनले पोट्टी कोन देईन?"

मग तिनंच विचारलं की सचिनच्या वाटीत काय असेल. मी खरं ते सांगितलं. दोघं आईबाप वाहक, म्हणजे जे लेकरू आजारी नाही ते तीनात दोन वेळा वाहक असतं, एकदा पूर्ण पांढरं. "अजूनही पांढरा निघू शकतो," मी म्हटलं. पण मी जे लिहून द्यायला निघाले होते, ते आता लिहून द्यायची माझी हिंमत नव्हती.

"काढू रक्त," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही हे मला सांगितलंच नसतं तर..."

"तर लगन झालं असतं. मले मालूम हाय. पन तुमच्या पल्लवीच्या पोटी दुसरी सुजाता नको, ताई. मी एक पाह्यली."

पुन्हा दुर्ग

रक्त दुर्गला तपासायला दिलं. तिघांनी दिलं, सचिननं, भाऊरावांनी आणि विमलताईनं. सचिनला बहीण खरी कशानं गेली ते आदल्या संध्याकाळी कळलं होतं. त्याला आजवर निमोनिया सांगितला होता. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाजारात निरर्थक फिरलो, आणि मी कोणासाठी तरी दोन साड्या घेतल्या. कोणासाठी ते अजून ठरलेलं नाही.

सचिन वाहक निघाला.

पल्लवीला फोन मी केला. तिनं निकाल पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, "आत्या, तू तर लिहून देणार होतीस."

"हो. चुकला माझा अंदाज. मला वाटलं होतं भिलाईत सगळं मिसळलं असेल. आम्ही मिसळलोच नाही, पोरी."

पुढचा रस्ता मी दोघांना सांगितला. नकार हा एकच रस्ता नसतो. दर बाळाच्या वेळी चारात एक धोका असतो, आणि पोटात असतानाच तपासणी करता येते. पुष्कळ जोडपी तसं करतात. ठरवायचं त्यांनी. दोघं त्या दिवशी खूप वेळ फोनवर होती. सचिन गच्चीवर उभा होता आणि आम्ही तिघं खाली, टीव्ही चालू आणि बघत कोणीच नाही.

तो उतरून आला तेव्हा डोळे लाल होते. "आत्या, हमने सोच लिया. पल्लवी म्हणते, दर वेळी श्वास रोखून बसणं तिले जमणार नाई. मलाही नाई जमणार. आईले पुन्हा त्या तलावावर नाई पाठवत मी."

मला फार वाईट वाटलं. दोन चांगली पोरं, एकमेकांना आवडलेली, दोघंही धडधाकट. मी वर्गात फळ्यावर नेहमी लिहायचे: बाहेरून कोणी आलं नाही, कोणी आधी मेलं नाही, आणि सगळ्यांनी डोळे झाकून जोडीदार निवडला, तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. पोरं ते पाठ करायची. डोळे उघडून निवडणं किती अवघड असतं, ते त्या गच्चीच्या जिन्याखाली मला दिसलं.

विहार

निघायच्या दिवशी रविवार होता. खुर्सीपारच्या विहारात वंदना झाली, आणि लोक उठणार तेवढ्यात विमलताई उभी राहिली. तिनं माझ्या दोन वाट्या आणि बरबटीची पिशवी आणली होती. हे मला माहीत नव्हतं.

"बसा जी जरा," ती म्हणाली. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. "मले एक पोरगी होती. सुजाता तिचं नाव. नऊ वर्साची होती. सिकलनं गेली. मी अन्‌ हे, आमी दोघंही वाहक हाओ. सचिनही हाय. मनून त्याची सोयरीक मोडली. आता हे दाने पाहा."

तिनं वाट्या मांडल्या, आणि मी शिकवलं होतं तसं नाही, तर तिच्या पद्धतीनं सांगितलं. घमेलं नाही, प्रमाण नाही. एक दाणा उचलला, "हा माहा." दुसरा उचलला, "हा तिच्या बापाचा." दोन्ही मुठीत मिटले आणि मूठ छातीशी धरली. बस, एवढंच. भाऊराव उठून तिच्या बाजूला उभे राहिले.

मागे बसलेल्या एका बाईनं विचारलं, "तपासनी कुठं होते, विमल?"

मग दुसरीनं. मी पोरांना इतकी वर्षं शिकवलं, पण तास संपल्यावर असे प्रश्न मला कधी कोणी विचारले नव्हते.

बरबटी मी तिच्याकडेच ठेवली. "आता भिजू घालत नाई," ती स्टेशनवर म्हणाली, आणि आम्ही दोघी भर प्लॅटफॉर्मवर वेड्यासारख्या हसलो.

याला आता वर्ष होऊन गेलं. पल्लवीचं अजून जुळायचं आहे. पण ती घाईत नाही, आणि पहिल्याच भेटीत रिपोर्ट मागते, त्यामुळे निम्मे मुलगे तिथेच गळतात. मला तेही बरंच वाटतं. सचिनचं लग्न झालं. मुलगी छत्तीसगढी, धमतरीकडची. वैनगंगेशी तिच्या सात पिढ्यांचा संबंध नाही.

गेल्या आठवड्यात विमलताईचा फोन आला. मी आधी तेच विचारलं, मुलीची तपासणी केली होती ना?

"पहिले ते, मंग बाकीचं. सारे पांढरे हायेत तिचे."

"आणि मराठीचं काय? आता घरात बोलायला कोण?"

"शिकून राहिली ना जी! पहिल्या दिवशी मले दाई म्हने. आता आई म्हनते. काल तर माह्यावर रागावली, अन्‌ मराठीतच रागावली." ती हसली. मग म्हणाली, "ताई, मी फोटो लावला भितीवर. सुनेनं इचारलं, आई, हे कोन होय?"

"मग? काय सांगितलं?"

"सांगतलं. म्हटलं, हे तुही ननंद होय, सुजाता."